टाकीच्या तळाशी: इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि दुचाकीचा इंधनपंप

१ एप्रिल २०२० रोजी भारतात बीएस-६ ही उत्सर्जनमानके लागू झाली आणि त्यांची पूर्तता करण्यासाठी देशातील बहुतेक दुचाकींनी कार्बोरेटरचा निरोप घेऊन इंधन अंतःक्षेपणाची, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार मोजून-मापून पेट्रोलचा फवारा इंजिनात सोडण्याची पद्धत स्वीकारली. त्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, एप्रिल २०२३ पासून, नव्या वाहनांतील रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला टिकणारे असावेत, असा टप्पा नीती आयोगाच्या आराखड्यात ठरवण्यात आला होता. या दोन तारखांच्या दरम्यान विकल्या गेलेल्या दुचाकींची गणना कोट्यवधींत होते. त्यांच्यात नाजूक इंधनपंप आहे, पण तो पंप ज्या इंधनात आज बुडालेला असतो त्या इंधनासाठीच तो घडवलेला असेल, याची सर्वसाधारण हमी मात्र नाही. काही उत्पादकांनी निर्यातीच्या गरजेमुळे किंवा दूरदृष्टीने मुदतीआधीच चांगले साहित्य वापरले असेल. परंतु ते कोणत्या प्रतिरूपात आणि कोणत्या महिन्यापासून वापरले, हे ग्राहकाला वाहनाकडे पाहून कळत नाही. इथेनॉल आणि इंधनपंप यांच्याविषयी जी उलटसुलट चर्चा गेली दोन वर्षे चालली आहे, तिच्यात या मधल्या पिढीचा प्रश्न वेगळा काढून पाहिला गेला नाही, आणि म्हणूनच ‘इथेनॉलने गाड्या खराब होतात’ आणि ‘इथेनॉलने काहीही होत नाही’ ही दोन्ही विधाने सारख्याच आत्मविश्वासाने केली जात राहिली.

कार्बोरेटरच्या दुचाकीत टाकी वर आणि कार्बोरेटर खाली असल्यामुळे पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरत असे. मध्ये असायचा तो फक्त एक कॉक आणि एक रबरी नळी. अंतःक्षेपणात मात्र इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून बारीक फवारा निघण्यासाठी इंधनावर साधारण तीन बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे तिप्पट दाब असावा लागतो आणि तो निर्माण करणारा विजेचा पंप टाकीच्या आतच, तळाशी बसवलेला असतो. भारतात २००६ मध्ये हिरो होंडाने ग्लॅमर एफआय ही अंतःक्षेपणाची मोटारसायकल आणली तेव्हा हे तंत्र अपवाद होते. २०२० नंतर ते दूधवाल्याच्या, शिक्षकाच्या आणि घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलाच्या गाडीत आले. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद ऐकू येणारी घरघर ही या पंपाचीच असते, आणि ती ऐकू आली नाही की गॅरेजमधला कारागीर टाकीला हात लावण्यापूर्वीच ‘पंप उठत नाही’ असे म्हणतो.

या पंपाची रचना समजून घेतल्याशिवाय इथेनॉलच्या परिणामांविषयी काही बोलणे व्यर्थ आहे. प्लास्टिकच्या एका साच्यात, ज्याला व्यवहारात ‘मॉड्यूल’ किंवा ‘पंप असेंब्ली’ म्हणतात, सर्वांत खाली जाळी, तिच्यावर पंप, पुढे बारीक गाळणी, दाब ठरावीक पातळीपेक्षा वाढला की जादा पेट्रोल टाकीत परत सोडणारा दाबनियंत्रक आणि टाकीतील पातळी सांगणारा तरंगता खटका अशी मांडणी असते. प्रत्यक्ष पंप म्हणजे एका टोकाला लहान मोटार आणि दुसऱ्या टोकाला कडेभोवती खाचा असलेली प्लास्टिकची चकती, अर्थात इम्पेलर. ही चकती तिच्या कोशात अत्यंत कमी अंतर राखून फिरते. अंतर वाढले तर दाब पडतो, कमी झाले तर चकती घासते. मोटारीला वीज मिळते ती कार्बनच्या ब्रशांतून आणि त्यांच्याखाली फिरणाऱ्या कम्युटेटर नावाच्या, तुकड्यातुकड्यांच्या तबकडीतून. विशेष म्हणजे उपसलेले पेट्रोल या मोटारीच्या पोटातूनच वर जाते. तेच तिला थंड ठेवते आणि तेच तिचे वंगण असते. टाकीत हवेऐवजी इंधनाची दाट वाफ असल्याने आणि मोटार द्रवात बुडालेली असल्याने ठिणगीचा धोका उद्भवत नाही. परंतु याच रचनेमुळे इंधनाचा प्रत्येक गुणदोष थेट मोटारीच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो.

इथेनॉल हे पेट्रोलपेक्षा स्वभावाने वेगळे द्रव्य आहे. पेट्रोल हे हायड्रोजन आणि कार्बन यांच्या संयुगांचे मिश्रण असून ते पाण्याला जवळ करत नाही आणि वीज जवळपास वाहू देत नाही. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, वजनाने जवळजवळ ३५ टक्के, आणि त्यामुळे ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, पेट्रोलच्या तुलनेत कितीतरी अधिक विद्युतवाहक असते आणि पेट्रोलला न विरघळणारी अनेक द्रव्ये विरघळवते. त्याचा ऑक्टेन अंक, म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची क्षमता, पेट्रोलपेक्षा बरीच जास्त आहे, हा त्याचा खरा गुण होय. मात्र एका लिटर इथेनॉलमधून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा ते सात टक्के, तर १० टक्के मिश्रणापेक्षा तीन-साडेतीन टक्के ऊर्जा कमी भरते. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज तीन ते चार टक्क्यांनी घटेल, असा नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालाचाच अंदाज होता.

येथे एक प्रचलित समज बाजूला करणे आवश्यक आहे. इंधन जास्त लागत असल्यामुळे पंपावर ताण येतो आणि तो जळतो, असे स्पष्टीकरण अनेकदा ऐकू येते, परंतु ते टिकणारे नाही. ताशी ४५ किलोमीटरने जाणारी आणि लिटरला ४५ किलोमीटर देणारी मोटारसायकल तासाला एकच लिटर पेट्रोल जाळते, तर तिचा पंप तेवढ्याच वेळात याच्या कितीतरी पट पेट्रोल उपसून उरलेले दाबनियंत्रकातून टाकीत परत सोडत असतो. वापर पाच-सहा टक्क्यांनी वाढल्याने त्याच्या कामात जाणवण्याइतका फरक पडत नाही. बिघाडाची कारणे शोधायची ती प्रमाणात नव्हे, पदार्थांत शोधावी लागतात.

त्यांपैकी पहिले कारण रबर आणि प्लास्टिक यांचे फुगणे हे होय. पंपाच्या जोडांमधील गोल रबरी कडी, जिला ओ-रिंग म्हणतात, ती बहुधा नायट्राइल रबराची किंवा फ्लोरिनयुक्त रबराची असते. साधे नायट्राइल रबर इथेनॉलमिश्रित पेट्रोलात फुगते, मऊ होते आणि पुन्हा वाळले की आकसून त्याला भेगा पडतात. फ्लोरिनयुक्त रबर अधिक टिकते, पण महाग असते. सामान्य माणसाला चकित करणारी बाब अशी, की कित्येक रबरांचे फुगणे शुद्ध इथेनॉलात कमी असते आणि दोन्ही द्रव्ये विशिष्ट प्रमाणात एकत्र आल्यावर ते सर्वाधिक होते. हे शिखर बऱ्याचदा १० ते २५ टक्के इथेनॉलच्या पट्ट्यात येते. ओ-रिंग सैल पडली की उपसलेले इंधन तिच्या बाजूने टाकीतच गळते, बाहेर कुठेही थेंब दिसत नाही, आणि स्वाराला फक्त एवढेच जाणवते की चढावर गाडी ‘पिकअप’ घेत नाही. इम्पेलरची चकती मात्र फुगली तर परिणाम अधिक कठोर होतो. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत घट्ट बसावे तशी ती कोशाला घासू लागते, मोटार अधिक वीज ओढते, तापते आणि शेवटी अडकून बसते. चारचाकींच्या जगात हा बिघाड इथेनॉलचा वाद पेटण्याच्या कितीतरी आधी जगासमोर आला होता. जपानच्या डेन्सो कंपनीच्या पंपांतील कमी घनतेच्या प्लास्टिकची चकती इंधन शोषून फुगत असल्याचे आढळले आणि २०२० पासून टोयोटा, होंडा आदी कंपन्यांना जगभरातून लक्षावधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेथील दोष मुख्यतः साच्यातील घडणीचा होता, इथेनॉलचा नव्हे. तथापि इंधन शोषणारी चकती पंपाला कशी बंद पाडते, याचा तो सर्वांत स्पष्ट पुरावा आहे.

दुसरे कारण विजेशी निगडित आहे. कम्युटेटर पूर्वी तांब्याचे असत. इथेनॉलसारख्या ऑक्सिजनयुक्त इंधनात, विशेषतः त्यात थोडे पाणी, आम्ल किंवा क्षार असतील तर, तांब्याची झीज वेगाने होते. म्हणून इथेनॉलसाठी बनणाऱ्या पंपांत कार्बनचे कम्युटेटर वापरले जाऊ लागले. जोडणीच्या पितळी पिना आणि उघड्या तारा यांनाही हेच लागू पडते, कारण वाहक द्रवात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यांच्यापैकी दुर्बल धातू खर्ची पडतो. असा पंप एका दिवसात मरत नाही. प्रथम तापलेल्या गाडीत अधूनमधून ‘मिसिंग’ येते, गाडी थंड झाल्यावर ते नाहीसे होते, आणि हा लपंडाव काही आठवडे चालल्यावर एके दिवशी घरघर थांबते. मधल्या काळात स्पार्क प्लग, एअर फिल्टर आणि इंजेक्टर बदलून झालेले असतात.

तिसरे कारण पाणी होय, आणि महाराष्ट्रातील, त्यातही कोकणातील, आणि गोव्यातील वाचकांच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. शुद्ध पेट्रोलात पाणी शिरले तर ते निमूटपणे तळाशी साचते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडे पाणी स्वतःत सामावून घेते. १० टक्के मिश्रणात साधारण तापमानाला ही मर्यादा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा लिटरच्या टाकीत सुमारे ५० मिलिलिटर असते आणि २० टक्के मिश्रणात ती आणखी वाढते. मर्यादा ओलांडली, किंवा रात्रीच्या गारव्याने ती खाली आली, की पाणी एकटे वेगळे न होता इथेनॉललाही सोबत ओढून घेते. मग तळाशी पाणी आणि इथेनॉल यांचा जड थर आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल अशी विभागणी होते. पंपाची जाळी नेमकी त्या तळाच्या थरात असते. केवळ दमट हवेमुळे हे घडायला बंद टाकीत बराच काळ जावा लागतो, ही गोष्टही येथे नोंदवली पाहिजे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोषी असते ती टाकीच्या झाकणातील पाणी वाहून नेणारी बारीक वाट, जी चिखलाने बुजल्यावर पावसाचे पाणी झाकणाच्या खोबणीत साचून आत उतरते. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालील टाकीतही हाच धोका असल्याने तेथे पाणी शिरू न देण्याची जबाबदारी पूर्वीपेक्षा कितीतरी कडक झाली आहे. ग्राहकाला गाळणकागदाची आणि घनतेची तपासणी मागण्याचा हक्क आहे, पण गाळणकागद इथेनॉलचे प्रमाण सांगत नाही. ते पाहण्यासाठी मोजपात्रात पेट्रोल आणि पाणी एकत्र हलवून स्थिर होऊ द्यावे लागते. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर जितका वाढलेला दिसेल तितके इथेनॉल मूळ पेट्रोलात होते, असा अंदाज बांधता येतो.

चौथे कारण जुन्या टाक्यांचे आहे. इथेनॉल उत्तम विद्रावक असल्यामुळे टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षे बसलेला चिकट थर आणि गंजाचे कण सुटे होतात व पंपाच्या जाळीवर जमा होतात. जाळी तुंबली की पंपाला इंधन कमी मिळते, म्हणजेच थंडावा आणि वंगणही कमी मिळते. यात भर पडते ती शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल भरून राखीव पातळीवरच गाडी चालवण्याच्या सवयीची, जी सवय पुष्कळ घरांत आवडीने नव्हे तर मिळकतीच्या चणचणीमुळे लागलेली असते. विदर्भातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात उघड्यावर तापलेली टाकी, तळाशी अर्धा लिटर पेट्रोल आणि तुंबलेली जाळी हे तिन्ही एकत्र आल्यावर पंप निकामी झाला, तर त्याचा दोष एकट्या इथेनॉलला देणे अन्यायाचे होईल. आणि इथेनॉलला पूर्ण निर्दोष ठरवणे हेही तितकेच अन्यायाचे होईल.

सरकारी अभ्यासांत काय आढळले होते, हे पाहिले म्हणजे चित्र पुष्कळसे स्वच्छ होते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइलचे संशोधन केंद्र यांनी केलेल्या चाचण्यांचा सारांश नीती आयोगाच्या त्याच अहवालात दिलेला आहे. धातू आणि धातूंवरील लेप यांना २० टक्के मिश्रणाने अडचण आली नाही, इंजिनाची असामान्य झीज दिसली नाही, गाड्या चालू होण्यात आणि धावण्यात गंभीर बिघाड झाला नाही. परंतु रबराची कामगिरी शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत उणी ठरली आणि पीए-६६ या नायलॉन जातीच्या प्लास्टिकची ताणशक्ती घटली. म्हणजे इंजिन सुरक्षित आहे, हे सरकारचे म्हणणे पुराव्याला धरून आहे. पण इंधनपंपाचे मॉड्यूल हे इंजिन नव्हे, ते मुख्यतः रबर आणि प्लास्टिक यांचेच बनलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने दिलेल्या खुलाशातही काही जुन्या वाहनांतील रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतील आणि हा खर्च किरकोळ असेल, असे म्हटले होते. रोज ८० ते १०० किलोमीटर फिरून घरपोच सेवा देणारा तरुण हे अंतर वर्षभरातच कापतो. कार्बोरेटरच्या गाडीत हा बदल खरोखरच काही शे रुपयांत होत असे, तर अंतःक्षेपणाच्या गाडीत ओ-रिंग सुटी मिळणे दुरापास्त असल्याने बहुधा संपूर्ण असेंब्लीच बदलावी लागते आणि तिचे बिल काही हजारांत जाते. ‘किरकोळ’ या शब्दाचा अर्थ गाडीच्या पिढीनुसार बदलतो, तो असा.

महाराष्ट्राचा या सर्वांशी असलेला संबंध केवळ ग्राहकाचा नाही. २००१ मध्ये पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले तीन प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांपैकी दोन मिरज आणि मनमाड येथे होते, तिसरा उत्तर प्रदेशातील बरेलीत. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, पण दशकभर ते अडखळतच राहिले. २०१३-१४ मध्ये देशाची सरासरी जेमतेम दीड टक्का होती. पुढे ‘बी-हेवी’ मळीपासून, म्हणजे साखरेचा बराच अंश शिल्लक असलेल्या मळीपासून, आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यास चांगला दर मिळू लागला, साखर कारखान्यांनी आसवनींची क्षमता वाढवली आणि जून २०२२ मध्ये १० टक्क्यांचे लक्ष्य मुदतीच्या पाच महिने आधी गाठले गेले. २० टक्क्यांची मूळची २०३० ही मुदत अलीकडे आणून २०२५ करण्यात आली आणि ती पाळलीही गेली. गाळपानंतर उसाचे पैसे वेळेवर मिळण्यासाठी झगडणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला या पैशाने दिलासा दिला, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. मात्र त्याच शेतकऱ्याच्या दारात २०२१ साली घेतलेली मोटारसायकल उभी असते आणि तिच्या पंपाचा खर्च त्याच खिशातून होतो, हेही त्यासोबत मांडले पाहिजे.

इतर देशांनी काय केले, याची तुलना येथे उपयोगी ठरते. ब्राझीलने १९७५ मध्ये प्रोआल्कोल ही योजना सुरू केली, तेव्हा तेथेही जस्तमिश्रित धातूचे कार्बोरेटर आणि टाक्या गंजल्या, आणि त्यांवर निकेल व कथिलाचे लेप चढवून उपाय शोधला गेला. २००९ मध्ये होंडाने तेथे कोणत्याही प्रमाणातील मिश्रणावर चालणारी सीजी १५० टायटन मिक्स ही मोटारसायकल आणली. साहित्य आणि इंधन तेथे दशकांच्या कालावधीत हातात हात घालून बदलले. अमेरिकेत १५ टक्के मिश्रणाला परवानगी देतानाच पर्यावरण संरक्षण संस्थेने मोटारसायकलींना त्यातून वगळले आणि तसा इशारा पेट्रोल पंपांवर लावणे बंधनकारक केले. तरीही तेथे १० टक्के मिश्रणाने डुकाटी मोटारसायकलींच्या प्लास्टिकच्या टाक्या फुगल्या आणि ग्राहकांनी सामूहिक दावा लावल्यावर कंपनीला तडजोड करावी लागली. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये १० टक्के मिश्रण सर्वत्र आणले, पण महागड्या ‘सुपर’ पेट्रोलात पाच टक्क्यांचा पर्याय जुन्या वाहनांसाठी राखून ठेवला. भारतात मात्र २० टक्के मिश्रण हेच सर्वसाधारण पेट्रोल झाले. कमी मिश्रणाचा पर्याय मिळावा आणि पंपावर प्रमाण स्पष्ट लिहिलेले असावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. नीती आयोगाच्या आराखड्यात मिश्र इंधन स्वस्त विकून मायलेजची घट भरून काढण्याचा विचार होता. तोही प्रत्यक्षात आला नाही.

या परिस्थितीत सर्वांत मोठी उणीव माहितीची आहे. हमीच्या मुदतीत बदललेला पंप बहुधा कंपनीकडे परत जातो. तो उघडून चकती फुगली होती की कम्युटेटर झिजला होता, जाळीत गंज होता की तळाशी पाणी, हे ठरवणे कोणत्याही प्रयोगशाळेला कठीण नाही. हमी संपलेले पंप मात्र गॅरेजच्या कोपऱ्यातून थेट भंगारात जातात. प्रतिरूप, उत्पादनाचा महिना, कापलेले अंतर आणि बिघाडाचे कारण एवढ्या चार गोष्टी जरी राष्ट्रीय पातळीवर नोंदल्या आणि प्रसिद्ध केल्या, तरी इथेनॉलचा वाटा किती आणि पावसाचा किंवा निकृष्ट घडणीचा किती, हे वर्षभरात आकड्यांत सांगता येईल. तोवर सिद्ध करण्याचे ओझे स्वारावर राहते, आणि टाकीतून काढलेल्या बाटलीभर पेट्रोलपलीकडे त्याच्या हाती कोणताही पुरावा नसतो. मधल्या पिढीतील दुचाकींच्या उत्पादकांनी ई-२० ला, म्हणजे २० टक्के मिश्रणाला, टिकणाऱ्या ओ-रिंग आणि पंप सुट्या स्वरूपात, ठरलेल्या किमतीत उपलब्ध करून देणे हा त्यावरील अधिक तातडीचा उपाय आहे, कारण दोष कुणाचा हे ठरेपर्यंत गाडी बंद ठेवणे तिच्यावर पोट असणाऱ्यांना परवडत नाही.

हा प्रश्न २०२३ पूर्वीच्या वाहनांबरोबर आपोआप संपेल, असे मानण्यास आधार नाही. २० टक्क्यांच्या पुढे २७ टक्क्यांपर्यंत जाण्याची चर्चा सरकारी पातळीवर सुरू झालेली आहे आणि ब्राझीलने ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के मिश्रण लागू केलेले आहे. आज शोरूममधून ई-२० चे लेबल घेऊन बाहेर पडणाऱ्या मोटारसायकलीचा पंप, तिची ओ-रिंग आणि तिच्या संगणकातील मिश्रणाची जुळणी २० टक्क्यांसाठी तपासलेली आहे. लवचिक इंधनाच्या, म्हणजे ८५ किंवा १०० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालणाऱ्या दुचाकी टीव्हीएस, होंडा आणि सुझुकी यांनी २०१९ ते २०२५ या काळात भारतात सादर केलेल्या आहेत, त्यामुळे टिकाऊ पंप कसा बनवायचा हे देशातील उद्योगाला ठाऊक आहे. पुढचा टप्पा जाहीर होण्यापूर्वी तसे पंप सर्वसाधारण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत बसलेले असतील की नंतर, यावर आजच्या नव्या दुचाकी उद्याची मधली पिढी ठरणार की नाही हे अवलंबून आहे.